गोणपाटाचा दानव

ही गोष्ट ललितानं स्वतः सांगितलेली आहे, आणि ललिता खोटं बोलणारी बाई नाही. नामपुरात कोणालाही विचारा. मापात अर्ध्या बोटाचा फरक पडला, तर गिऱ्हाइकानं सांगायच्या आधी ब्लाऊज उसवून परत शिवणारी ती बाई.

साल २००२. गणपती विसर्जनानंतरचा पहिला बाजार.

वेळ दुपारी तीनची.

हो, भर दुपारची. बाहेर रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर उभे होते, शेवचिवड्याच्या गाड्यांवर गर्दी होती. आणि व्हिडिओ सेंटरमध्ये नाथाचा पिक्चर लागला होता. ‘डोहातला दानव’.

आजच्या मुलांना व्हिडिओ सेंटर म्हणजे काय ते सांगावं लागेल. पत्र्याची लांब खोली, खिडक्यांना काळे पडदे, समोर फळीवर मोठा टीव्ही, त्याखाली व्हीसीआर, आणि बसायला सतरंजी. बस्स. त्यातच माणसं तीन तास जग विसरून जायची.

नाथा लग्नांचं शूटिंग करायचा. लहानपणी त्यानं सटाण्याच्या जत्रेत, तंबूमध्ये, जुने काळे-पांढरे विलायती राक्षसपट पाहिले होते. पाण्यातून बाहेर येणारे, थडग्यातून उठणारे, मशाली घेतलेल्या गावकऱ्यांना भिणारे. तसा एक पिक्चर आपल्या गावात, आपल्या बोलीत करायचा, हे त्याचं स्वप्न होतं.

राक्षस झाला हिरामण. ललिताचा नवरा, मार्केटमध्ये हमाल, आणि नाथाचा शाळेपासूनचा दोस्त.

राक्षसाचं कातडं ललितानं शिवलं. कांद्याची जुनी गोणपाटं जोडून. खवले म्हणून त्यावर खळीनं कांद्याची लाल टरफलं चिकटवली. करवंटीचे दात. डोळ्यांच्या जागी तिनं कात्रीनं दोन भोकं पाडली. डावं जरा मोठं झालं, उजवं लहान.

“वहिनी, लोके याले पाही घाबरतीन का हसतीन?” नाथानं विचारलं होतं.

“वास येताच पळतीन,” हिरामण आतून म्हणाला होता.

तिघंही पोट धरून हसले होते.

कातड्याची गाठ पाठीवर होती. सुतळीची. आतल्या माणसाला ती सोडता येत नव्हती.

“आनि मी अडकनू तं?” हिरामणनं विचारलं.

“एकदा हात वर करा, तं ती ॲक्टिंग,” नाथा म्हणाला. “दोनदा करा, तं मी कॅमेरा बंद करसु, पळत येसु, गाठ सोडसु. वहिनीसमोर सांगी राह्यनू.”

ललिताच्या घरात, तिच्या हातचा चहा पिता पिता, तो हे बोलला होता.

आदल्या वर्षीच्या नवरात्रात हिरामण मोसम नदीच्या डोहात बुडून मेला.

नाथा संध्याकाळी रडत दारात आला. म्हणाला, शूटिंग दुपारीच आटोपलं होतं. हिरामणनं कातडं काढून दिलं, मग कुठूनतरी बाटली आणली, प्यायला, आणि अंग धुवायला एकटाच डोहात उतरला.

गावानं मान हलवली. हिरामण पूर्वी पीत होताच.

पण ललितासाठी ते वाक्य मरणाच्या बातमीहून जड होतं. तीन वर्षांपूर्वी गडावर, देवीपुढे, हिरामणनं दारू सोडली होती. तिचा हात हातात धरून. आणि तिनं त्यावर विश्वास ठेवला होता.

अकरा महिने ती मेलेल्या नवऱ्यावर रागावून होती. लोकांना वाटायचं दुःखानं गप्प आहे. ती दुःखानं गप्प नव्हती. फसवलं गेल्यावर माणूस गप्प होतो, तशी गप्प होती.

पिक्चरलाही ती येणार नव्हती. नाथानंच आग्रह केला. “हिरामणले पाही ले एकदाव, वहिनी.”

ती मागच्या भिंतीला टेकून बसली.

लोक हसत होते. दानवाचे खवले चालता चालता गळत होते. हिरॉइनची किंकाळी तिचे ओठ मिटल्यावर ऐकू येत होती. मशालीवाले गावकरी एकदा इकडून धावले, मग तेच चेहरे तिकडून धावले.

मग दानव डोहाकडे निघाला.

ललितानं पदर तोंडाशी धरला.

दानवानं पाण्यात पाय टाकला. गुडघा. कंबर…

आणि लाईट गेली.

लोडशेडिंगचेच दिवस होते. लोक वैतागले, शिट्ट्या मारल्या, आणि चहा प्यायला बाहेर पडले. नाथाही गेला. ललिता तशीच बसून राहिली. बाहेर जाऊन कोणाकोणाला तोंड द्यायचं?

पंखा फिरून फिरून थांबला.

व्हीसीआरचा हिरवा दिवा विझलेला होता.

बाजाराचा आवाज पडद्याबाहेर होता… मग तोही येईनासा झाला.

आणि टीव्ही उजळला.

आधी नुसता आवाज आला. श्वासाचा. जाड कापडाच्या आत कोंडलेला, ओला, धापा टाकणारा श्वास…

मग चित्र आलं. सगळा पडदा काळा, आणि मधोमध उजेडाची दोन भोकं.

डावं जरा मोठं. उजवं लहान.

त्या भोकांतून काठ दिसत होता. काठावर नाथा उभा होता. उजव्या खांद्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू.

भोकांसमोर गोणपाटाचा हात वर गेला. एकदा.

खाली आला. परत वर गेला. दोनदा.

नाथा हलला नाही.

त्याच्या शेजारी लहानू होता, मशाली धरायला ठेवलेला मजूर. तो काहीतरी ओरडत पाण्याकडे झेपावला. नाथानं डाव्या हातानं मागून त्याचा सदरा पकडला. घट्ट. कॅमेरा खांद्यावरून जराही न हलवता.

हात तिसऱ्यांदा वर गेला.

मग भोकांत पाणी आलं. हिरवं. मग काळं…

लाईट आली तेव्हा लोक हसत आत येत होते. कोणीतरी म्हणालं, “बाई एकटीच बसेल व्हती का अंधारमा?”

पिक्चर पुढे सुरू झाला. दानव छातीपर्यंत पाण्यात गेला. त्यानं एकदा हात वर केला. फक्त एकदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथंच शॉट तुटला, आणि हीरो दिसला.

सगळे गेल्यावर नाथा कॅसेट डब्यात ठेवत होता. ललिता त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“कसा वाटना, वहिनी?”

“लहानूना सदरा तू मांगतून का बरं धरा?”

नाथाच्या हातातला डबा खाली पडला.

“कोनी सांगं तुले? लहान्यानी?”

ललितानं डबा उचलून फळीवर ठेवला.

“पन तो तं तवाच सुरतले गया. मनी शपथ घेतेल शे त्यानी…” बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोलून बसलो, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

“दारू?” तिनं विचारलं.

नाथानं मान खाली घातली. मग म्हणाला, “प्यायेल नव्हता तो. कातडं मी काढं, बाटली मी फोडी काठवर. मंगन.”

“त्यानी तीनदाव हात वर करा.”

“माले वाटनं, नाटक करी राह्यना. आसा शॉट परत भेटता का?” आणि मग त्यानं एकदम तिच्याकडे पाहिलं. तोंडाचा रंग उतरलेला. “तीनदाव… ते तुले कसं माहीत? पुढली पट्टी मी त्याच रातले पुसी टाकी.”

“पाह्यं मी. आत्ते. लाईट गयी तवय. तू दिसना. लहानू दिसना.”

“मी?” नाथा दोन पावलं मागं सरला. “कॅमेरा एकच व्हता, वहिनी. तो मना खांदावर व्हता.”

मग त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं,

“मंग माले कोनी पाह्यं?”

महिन्याभरात नाथानं आपलं शूटिंगचं दुकान विकलं आणि गाव सोडलं. ललिता चौकीत गेली होती. तिथं विचारलं, पुरावा काय? बंद टीव्हीवर पाहिलेलं कोण कागदावर घेणार? लहानूचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

पण हिरामण प्यायला नव्हता. एवढं तिला कळलं. त्यानं तिला फसवलं नव्हतं.

लोक म्हणतात, त्याला एवढंच सांगायचं होतं.

ललिताला तसं वाटत नाही.

कारण भोकांत काळं पाणी आलं, तिथं ते चित्र संपलं नव्हतं.

काही वेळ नुसता काळोख होता. श्वासही नव्हता. मग भोकांवरून पाणी निथळलं, आणि काठ जवळ येऊ लागला. नाथाच्या अगदी अंगावरून चित्र पुढे गेलं. नाथा मात्र अजून पाण्याकडेच पाहत होता. मग नदीची पायवाट आली. मारुतीचा पार. गल्ली…

मग एक उघडं दार.

दाराच्या आत, पाठमोरी, शिलाई मशीनवर वाकलेली एक बाई.

चित्र तिथंच थांबलं. लाईट येईपर्यंत हललं नाही.

हिरामण बुडाला त्या दुपारी आपण मशीनवरच होतो, हे ललिताला नक्की आठवतं. दसऱ्याचे कपडे होते, घाई होती. मशीन चालू असलं की मागचं काही ऐकू येत नाही.

त्या दुपारी आपण एकदा तरी मागं वळून पाहिलं होतं का…

ते मात्र तिला आजही आठवत नाही.