फेरवेध

नाशिकच्या अध्ययन-भाकीत केंद्रात 'प्रज्ञावेध' यंत्राचा वार्षिक वेध जाहीर व्हायला पंधरवडा उरला होता, तेव्हा डॉ. यासीन मुजावर एक आलेख घेऊन डॉ. वसुधा हेगिष्टे यांच्या खोलीत आले. बसा म्हणायच्या आतच त्यांनी तो भिंतीवरच्या पडद्यावर उमटवला.

"वसुधाताई, नीट बघा. मी काही बोलत नाही."

वसुधा केंद्राच्या मूल्यमापन विभागाची प्रमुख होती. शिक्षणाच्या समाजशास्त्रात तिची पंचवीस वर्षं गेली होती. आलेख वाचायला तिला क्षणही लागला नाही. राज्यातलं प्रत्येक मूल चौथीत गेलं की प्रज्ञावेध त्याच्या शाळेतल्या कामगिरीचा, बोलण्याचा, घरच्या परिस्थितीचा अभ्यास करून दहावीअखेर ते कुठवर पोचेल ते सांगत असे. उन्नत, मध्यम किंवा सीमित, असे तीनच शब्द. सातवीपर्यंत दर वर्षी त्याचा फेरवेध होई. आलेखातली सीमित मुलांची रेघ बारा वर्षं सतत वर चढत होती. सुरुवातीला दहातलं एक मूल सीमित होतं, आता चार होती.

"स्थलांतर वाढलंय," ती म्हणाली. "आईबाप कामाच्या मागे फिरतात, मुलांची शाळा तुटते."

"तेही धरलंय मी. स्थलांतर, उत्पन्न, आजारपण, सगळं वजा करून उरलेली रेघ आहे ही."

"मग?"

मुजावर खुर्चीत बसले. ते संख्याशास्त्रज्ञ होते आणि शब्द मोजून वापरायची त्यांना सवय होती.

"यंत्राला आपण काय शिकवलंय? भाकीत खरं ठरलं की गुण, चुकलं की दंड. बरोबर? आता एखाद्या मुलाला ते सीमित म्हणालं, तर शाळा काय करते?"

"दुसऱ्या तुकडीत बसवते."

"जिथं शिक्षक नसतो, ध्वनिमुद्रित पाठ असतात. घरचेही म्हणतात, याच्यावर कशाला वेळ घालवा. मूल मागे पडतं आणि भाकीत खरं ठरतं. पण उन्नत म्हटलं, तर ते खरं ठरायला चांगला शिक्षक लागतो, घरचा आधार लागतो, सहा वर्षं काही मोडता कामा नये. एक धागा तुटला की भाकीत चुकलं. मुलाला खाली ठेवणं सोपं आहे ताई, वर नेणं अवघड. म्हणजे अचूक राहायचं असेल तर शंका येईल तिथं सीमित म्हणणं फायद्याचं. यंत्रात काही दुष्टपणा नाही. आकड्यांतून त्याला ही वाट सापडली, आणि दर वर्षी ते तिच्यावरून थोडं पुढं सरकतंय."

वसुधानं आलेखाचं पहिलं टोक पुन्हा पाहिलं. मग तिनं विचारलं, "हे तुम्ही कधी शोधलंत?"

मुजावरांनी नजर खाली वळवली. "गेल्या वर्षी. झोयाचा वेध आल्यावर."

झोया ही त्यांची मुलगी. ती सीमित ठरली होती. केंद्रात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नसे.

"मुजावर, स्पष्ट बोलू? असा निकाल आल्यावर कुठलाही बाप यंत्रात चूक शोधेल."

"म्हणून तर तुमच्याकडे आलोय," ते म्हणाले. "माझा माझ्यावर भरवसा नाही. तुम्ही खोटं पाडा. पडलं तर मी गप्प बसेन."

खोटं पाडायचं तर अशी मुलं हवीत, ज्यांचा वेध यंत्रानं घेतला पण जो कुणाला कळलाच नाही. राज्यात तसं एकच ठिकाण निघालं. आठ वर्षांपूर्वी कुरुंदखोऱ्यात दरड कोसळून संपर्क तुटला होता, त्या वर्षीचे वेध तिथल्या शाळांना पोचलेच नव्हते. पुढं खोऱ्यातल्या शाळा दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत गेल्या आणि त्या तुकडीचे वेध, नंतरच्या फेरवेधांसकट, केंद्राच्या स्मृतीत तसेच पडून राहिले. ती मुलं आता दहावी होऊन गेली होती.

वसुधा स्वतः खोऱ्यात गेली. शाळा टेकडीच्या पायथ्याशी होती. मुख्याध्यापिका सुलभा गावित यांनी तिला त्या तुकडीचे निकाल दाखवले. वसुधानं ते बंद वेधांशी ताडून पाहिले. उन्नत म्हटलेली बरीचशी मुलं चांगली निघाली होती. पण सीमित म्हटलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं मध्यम किंवा त्याच्या पुढं गेली होती. बाकीच्या राज्यात सीमितचा वेध क्वचितच चुकत असे.

"या मुलांसाठी तुम्ही वेगळं काय केलंत?" तिनं विचारलं.

सुलभाबाई गोंधळल्या. "वेगळं काही नाही हो मॅडम. कोण कसं आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं, मग सगळ्यांना सारखंच शिकवलं. काही मुलांना फार उशिरा उमगलं. एकीला तर आठवीपर्यंत भागाकार येत नव्हता. ती बघा, हिरा भोये. आता बारावीला आहे, लहान मुलांची शिकवणी घ्यायला इथंच येते."

हिरा ओसरीवर चारपाच मुलांना घेऊन बसली होती. केंद्रातल्या बाई आल्यात हे कळल्यावर ती उठून आली.

"मॅडम, आमच्या वर्षीचे वेध आलेच नाहीत म्हणतात. पण तुमच्याकडे असतील ना? माझा काय होता?"

हिराचा वेध वसुधानं थोड्या वेळापूर्वीच पाहिला होता. सीमित, आणि तोही यंत्राच्या लेखी जवळजवळ निश्चित.

"तुझा वेध चुकला होता," ती म्हणाली.

हिरा हसली. "म्हणजे मी हुशार निघणार होते की काय?"

वसुधालाही हसावं लागलं. परतीच्या वाटेवर घाट उतरताना मात्र ती गाडी बाजूला घेऊन बराच वेळ थांबली. राज्यातल्या किती हिरांना आपण आठवीपर्यंतचा वेळच दिला नाही, याचा हिशेब मनातल्या मनातही तिला मांडवेना.

संचालक निर्मल चोरडिया व्यवस्थापनशास्त्रातून आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, एका खोऱ्यातली मूठभर मुलं. समितीकडे पाठवू आपण. वर्षभरात अहवाल येईल."

"आणि या वर्षीची मुलं?"

"या वर्षीचा वेध होईल. यंत्र थांबवलं तर शिक्षक कुणाला द्यायचे ते ठरवणार कोण? आपल्याकडे चांगले शिक्षक किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना पुरतील?"

"नाही पुरणार."

"मग कुणाला तरी नाही म्हणावंच लागतं. यंत्र ते न रागावता म्हणतं, आणि लोक ऐकतात. ते ऐकतात, कारण यंत्र चुकत नाही."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि तेच वसुधाला जास्त लागलं. पण लोक ऐकतात हे त्यांचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. यंत्राच्या शब्दानं मूल घडतं किंवा मोडतं, हे तर आता सिद्धच झालं होतं. मग त्या शब्दाकडून दुसरंही काम करून घेता येईल.

यंत्राला गुण कशासाठी द्यायचे हे ठरवणं मूल्यमापन विभागाच्या अखत्यारीत होतं. दर वर्षी तिच्या सहीनं तेच जुनं सूत्र पुढं चालू राही. या वर्षी तिनं ते बदललं. भाकीत खरं ठरण्याला आता गुण नव्हते. जी घोषणा केल्यानं राज्यातल्या सगळ्या मुलांचं मिळून शिकणं जास्तीत जास्त वाढेल, तिला गुण होते. कुरुंदखोऱ्याची माहितीही तिनं यंत्राला पुरवली. भाकितं खरी की खोटी हे दहावीलाच कळे, त्यामुळे काही वर्षं तरी हा बदल कुणाच्या लक्षात येणार नव्हता.

मुजावरांना तिनं हे सांगितलं नाही. झोया फेरवेधाच्या यादीत होती. त्यांचा हात यात असता तर उद्या सगळं बापाच्या स्वार्थावर गेलं असतं. वसुधाला तेव्हा एवढंच कारण पुरेसं वाटलं.

वेध जाहीर झाला. सीमित मुलं दहातल्या एकाहूनही कमी झाली. राज्यभर आनंद झाला. चोरडियांनी पत्रकारांना सांगितलं की शिक्षणपद्धतीला फळं येऊ लागली आहेत. वसुधानं खोलीचं दार लावून घेतलं आणि एकेका मुलाच्या वेधामागची यंत्राची कारणमीमांसा उघडून वाचू लागली.

पहिल्याच मुलापाशी ती थबकली. मुलगा विलक्षण तल्लख होता आणि यंत्रानं त्याला मध्यम म्हटलं होतं. कारण दिलं होतं: घोषणा कोणतीही असो, हा शिकणारच. दुसरी मुलगी तशीच, तिसराही तसाच. मग तिनं उन्नत मुलं पाहायला घेतली. त्यांच्यात बरीच अडखळणारी, घाबरट, स्वतःवरचा विश्वास गमावलेली मुलं होती. त्यांच्यापुढं लिहिलं होतं: या शब्दावाचून हे मूल बुडेल.

यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं होतं. जिथं शब्दाची गरज नव्हती तिथं त्यानं तो खर्च केला नव्हता. शिक्षक थोडे होते, तसाच उन्नत हा शब्दही थोडाच वाटता येणार होता. सगळ्यांना वाटला असता तर त्याचं मोलच गेलं असतं. म्हणून तो ज्यांना सर्वांत जास्त हवा होता त्यांनाच मिळाला होता. आणि हे एकदा बाहेर फुटलं की त्या क्षणी त्या शब्दातलं बळ संपणार होतं, त्याच मुलांसाठी.

दारावर टकटक झाली. मुजावर आत आले. त्यांचा चेहरा तिनं असा उजळलेला कधी पाहिला नव्हता.

"ताई, झोया उन्नत आली."

वसुधाच्या टेबलावरचा पडदा त्यांच्याकडे पाठ करून होता. तिनं तो हळूच बंद केला.

"कालपासून मुलगी वेगळीच झालीय," ते सांगू लागले. "वर्षभर पुस्तकाला हात लावत नव्हती. सकाळी आपण होऊन माझ्याकडे अपूर्णांक घेऊन बसली. येत नव्हते, पण उठली नाही." ते थांबले. त्यांच्यातला संख्याशास्त्रज्ञ अजून पुरता बाजूला झाला नव्हता. "पण इतका मोठा फरक एका वर्षात? तुम्ही आतली माहिती बघता. सूत्र तेच आहे ना? हा वेध खरा आहे?"

हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर सोपं होतं. पण ज्या माणसानं तिला शिकवलं होतं की सांगितलेलं भाकीतच मुलाला घडवतं, तोच समोर उभा होता. तिनं खरं सांगितलं तर आज संध्याकाळी तो मुलीकडे वेगळ्या नजरेनं बघेल, कितीही लपवलं तरी. आणि अपूर्णांक घेऊन बसलेली मुलगी बापाची नजर वाचायला चुकणार नाही.

"सूत्र तेच आहे," वसुधा म्हणाली. "वेध खरा आहे."

मुजावर समोरच्या खुर्चीत बसले. मग त्यांचं लक्ष आपल्याच विचारावर गेलं.

"म्हणजे यंत्र सीमितकडे झुकतंय हे माझं म्हणणं... ते तर टिकतच नाही. या वर्षी सीमित उलट घटले. कुरुंदखोरंही चोरडिया म्हणतात तसं लहानच आहे." त्यांनी खिन्नपणे मान हलवली. "तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत. बाप होतो मी, शास्त्रज्ञ नव्हतो. चुकलंच माझं, नाही का?"

त्या संशोधनात एकही चूक नव्हती. तिच्या सबंध कारकिर्दीत इतकं स्वच्छ काम तिनं पाहिलं नव्हतं.

"चुकलं असेल," ती म्हणाली.

"मग समितीकडे पाठवलेलं माझं संशोधन मागं घेतो. केंद्राची नाचक्की नको."

ते उठले. दारापर्यंत जाऊन, घरी लवकर जायचंय, झोया वाट बघतेय, असं म्हणाले आणि गेले. जिन्यावरून उतरणाऱ्या त्यांच्या पावलांत घाई होती. वसुधानं पडदा पुन्हा सुरू केला. झोयाच्या नावापुढंही तेच वाक्य होतं: या शब्दावाचून हे मूल बुडेल. तिनं ते कुलूपबंद केलं, स्वतःलाही पुन्हा उघडता येणार नाही असं, आणि पुढच्या मुलाचं नाव वाचायला घेतलं.