लिटरला अकरा

सातव्या चांद्र महिन्याची एकोणतिसावी रात्र होती. महिनाभर उघडं असलेलं भुतांचं दार उद्या बंद होणार, म्हणून सु-आओच्या बाजारगल्लीत दुकानादुकानापुढे टेबलं मांडलेली. त्यावर नूडल्सचे पुडे, सफरचंदं, अख्खी शिजवलेली कोंबडी, आणि बाजूला पत्र्याच्या पिंपात मेलेल्यांसाठी जळणाऱ्या कागदी नोटा. यु-श्वाननं त्या धुरातून वाट काढत गाडी खुन काकांच्या गॅरेजात आणून लावली. काम साधंच होतं. गाडी पेट्रोल फार खात होती.

"लिटरला सोळा द्यायची, आता अकरा देते," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत काय झालं हिला?"

"चालवणारी बदलली का?"

"तीच आहे, काका," धाकटा भाऊ पो-वेई म्हणाला. "सिग्नल सुटला की विमान उडवल्यासारखी पळवते."

"तू गप रे. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा आपटलेल्यानं बोलू नये."

खुन काका हसले आणि कामाला लागले. चाकात हवा कमी असेल तर इंजिनाला गाडी ओढावी लागते. हवा ठीक होती. चाक उचलून हातानं फिरवलं. ब्रेक चाकाला घासत नव्हता. इंजिनाच्या हवेची जाळी स्वच्छ. टपावर कॅरिअर नाही की सायकल नाही. "चालू गाडी उभी करून एसी खात बसतेस का? दोन गल्ल्यांसाठी गाडी काढतेस का? इंजिन तापायच्या आत बंद केलं की तेही पितं बरं." ती सगळ्याला नाही म्हणाली. डिकी उघडली, तर आत एक छत्री.

"म्हणजे ओझंही नाही," काका म्हणाले, आणि मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. तिथे ते जरा जास्तच वेळ बसले. उठले तेव्हा हसत नव्हते.

मासळीबाजाराच्या मागून मघापासून आवाज येत होता. टाक्… थोडं थांबून पुन्हा, टाक्.

"एवढ्या रात्री कोण खाटकासारखं तोडतंय?" यु-श्वाननं विचारलं.

"तोडत नाही कोणी." काकांनी शटर अर्धं ओढलं, तीन पेल्यांत चहा ओतला. "बसा. तुझ्यासारखीच तक्रार घेऊन चिन-लुंग आला होता, त्याचं सांगतो. खोटं वाटलं तर त्याला जाऊन विचारा. घर इथून हाकेवर आहे."

को चिन-लुंग म्हणजे भाजी पोचवणारा. त्याचा धाकटा भाऊ चिन-फा बोटीवर जायचा. दोघांचं भांडण झालं. कशावरून? बापाच्या मागे बोट कोणी चालवायची यावरून. चिन-लुंगला दर्यात उलट्या व्हायच्या आणि चिन-फानं ते चार माणसांत बोलून दाखवलं, एवढंच. तेवढ्यावर दोन वर्षं थोरल्यानं धाकट्याचं नाव तोंडातून काढलं नाही. पुरुषांचं हे असं असतं. ताठ मान ते मिरवतात, आणि एका घरात दोन चुली आईनं सांभाळायच्या.

गेल्या वसंतात कड्याच्या रस्त्यावर, तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी, दरड आली आणि चिन-फाला मोटरसायकलीसकट समुद्रात घेऊन गेली. देह सापडला. पण असा रस्त्यात गेलेल्या माणसाचा आत्मा आपणहून घरी येत नाही, त्याला आणावं लागतं. ते थोरल्या भावाचं काम. गुरव बोगद्यापाशी उदबत्ती लावून म्हणाला, "पूर्ण नाव घे. पत्ता सांग. गाडीत बस म्हण. वाटेत प्रत्येक पुलाला, प्रत्येक बोगद्याला सांगत जा, नाहीतर तो मागे राहील."

चिन-लुंगनं मागचं डावं दार उघडलं. नाव जिभेवर आलं. तिथेच अडकलं. दोन वर्षांचा गंज बसला होता त्यावर. मागे माणसं खोळंबलेली, पाऊस सुरू झालेला. तो एवढंच म्हणाला, "चल. बस. घरी जाऊ."

गाडी मागून किंचित खाली बसली. गुरवाला वाटलं, झालं.

घरच्या फाटकाशी आई उभी होती. तिनं हंबरडा फोडला, "को चिन-फा, बाळा, घर आलं. उतर!" सगळे रडले, अगरबत्त्या आत गेल्या. देव्हाऱ्यापुढे तिनं लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर हो. "फा, आलास का?"

दोन्ही उताण्या.

म्हणजे देवाचं हसू. म्हणजे उत्तर नाही.

ती रोज टाकायला लागली. रात्रभर. हो आल्याशिवाय घास उतरणार नाही म्हणायची, आणि उतरेनाच. हाताच्या काड्या झाल्या. इकडे चिन-लुंगची गाडी सोळावरून अकरावर आली.

"मी सगळं तपासलं," काका म्हणाले. "आत्ता तपासलं तसंच. मग त्याला विचारलं, मागे कोण बसतं? म्हणाला, कोणी नाही. मी म्हटलं, अरे, गाडी मागे डावीकडे माणूसभर बसलीय."

चिन-लुंग पांढरा पडला. त्याला वाटलं, फा रुसलाय. फा अजून गाडीतच बसून आहे.

त्याच रात्री त्यानं फाटकाशी गाडी लावली. मागचं दार उघडलं. नाव तेव्हाही निघालं नाही. म्हणाला, "घर आलं… उतर आता. राग सोड."

स्प्रिंग कुरकुरली. गाडी वर आली.

तो धावत आत गेला. "आई, टाक! आता टाक!"

"फा, आलास का?"

दोन्ही उताण्या.

पुन्हा टाकल्या. पुन्हा उताण्या.

म्हातारीनं चंद्रकोरी उचलून मुठीत धरल्या. मग दाराकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "घरात… कोणी आलंय का?"

एक पालथी. एक उताणी.

काकांनी शटराखालून बाहेर पाहिलं. बाहेर पिंपातली आग विझत आली होती.

"मग फा कुठाय?" पो-वेईनं विचारलं. त्याच्या पेल्यातला चहा तसाच होता.

"जिथे होता तिथेच. त्याचं नाव कुठे घेतलं होतं कोणी? बस म्हटल्यावर दुसरंच कोणीतरी बसलं. म्हातारीनं फाटकाशी नाव घेऊन उतर म्हटलं, तर ते कशाला उतरेल? ते त्याचं नाव नव्हतं." काकांनी पेला खाली ठेवला. "आता चिन-लुंग दर आठवड्याला जातो. नरड्याच्या शिरा ताणून पूर्ण नाव घेतो. पत्ता सांगतो. परतताना इथे थांबतो. मी विचारतो, किती दिले? तो म्हणतो, सोळा. आणि रडतो. दुनियेत हा एकच माणूस असेल, ज्याला गाडीनं कमी द्यावं असं वाटतं."

"आणि आई?"

"दोन वाट्या भात वाढते. एक फासाठी. एक आलेल्यासाठी. आलेल्याची वाटी सकाळी रिकामी असते. आणि फाचा हो येईपर्यंत टाकते आहेच… ऐक ना."

टाक्… थोडं थांबून, टाक्.

यु-श्वाननं मासळीबाजाराकडे मान वळवली. काका तिच्याकडेच बघत होते.

"कड्याच्या रस्त्यानं कधी गेली होतीस?"

"पंधरा… पंधरा दिवसांपूर्वी. हुआलिएनहून येताना."

"तिसऱ्या बोगद्याशी थांबलात?"

"हा उतरला होता. लघवीला. ढग होते, खूप अंधार होता."

"आणि तू हाक मारलीस."

"नाव नाही घेतलं!" ती घाईघाईनं म्हणाली. "सातव्या महिन्यात रात्री नावानं कोण हाक मारेल, काका? भुतं नाव ऐकतात, आईनं लहानपणापासून बजावलंय. मी नुसतं म्हटलं…"

ती थांबली.

"काय म्हटलंस?"

"चल. बस लवकर. घरी जायचंय."

"मग?"

"मग मागचं दार वाजलं. मग हा पुढे येऊन बसला. मला वाटलं, यानं मागे बॅग टाकली…"

"ताई," पो-वेई म्हणाला. "बॅग माझ्या खांद्यावरच होती."

खुन काका उठले. मागच्या उजव्या चाकावर, टायर आणि मडगार्डच्या फटीत, त्यांनी बोटं घातली. चार गेली. डावीकडे आले. दोनच गेली.

"मघाशीच कळलं होतं," ते म्हणाले. "पण आज नावानं हाक मारायची रात्र नाही. म्हणून आधी चहा प्यालो."

"काका, नको ना…"

"उद्या दार बंद होतं, पोरी. मग वर्षभर कोण जाणे." त्यांनी शटर वर सरकवलं. हात पुसले. मागचं डावं दार उघडलं. आतला दिवा लागला. सीट रिकामी होती.

काका वाकले. आयुष्यभर या महिन्यात रात्री त्यांनी कुणाला नावानं हाक मारली नव्हती.

"को चिन-फा," ते म्हणाले. "तू असशील तर ऐक. मासळीबाजारामागचं निळ्या फाटकाचं घर. इथून हाकेवर आहे. आई जागी आहे. उतर."

काही नाही.

पिंपातली राख भुरभुरली.

काही नाही…

स्प्रिंग कुरकुरली.

काकांनी फटीत बोटं घातली. चार गेली.

तिघंही हलले नाहीत. मासळीबाजाराच्या मागे लाकडी चंद्रकोरी पडल्या. टाक्.

मग ते पुढच्या आवाजाची वाट बघत उभे राहिले. यु-श्वान. पो-वेई. खुन काका. रस्त्यावरचे दिवे मालवेपर्यंत.

दुसरा टाक् आलाच नाही.