मागे दार लावा

ड्रायव्हरची बायको आपल्या खोलीच्या बंद दाराशी सापडली, ओला टॉवेल तोंडाला धरून. जवानांनी खिडकीचे गज कापून तिला बाहेर काढलं, पण फार उशीर झाला होता. आग स्वयंपाकघरातच विझली. जीव घेतला धुराने. दारावरच्या उघड्या झडपेतून तो खोलीत शिरला होता.

घरात तेव्हा ती आणि तिची नणंद, दोघीच. नवरा बसवर ड्यूटीला. सकाळीच नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं. नणंदेने पोलिसांना सांगितलं, मी हाक मारली, तर वहिनी म्हणाली, तू जा, मला नाही यायचं.

तेव्हापासून ड्रायव्हरच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अग्निशमन दलाच्या तपासनीस बाई भावाबहिणीला घेऊन घरात आल्या. भिंती अजून काळ्याच होत्या. बाईंना तो टॉवेल खटकत होता. त्यांनी विचारलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, इमारतीत आगीची रंगीत तालीम झाली होती, त्यात बायको एकटीच, शिकवल्याप्रमाणे, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उतरली. सगळे हसले. मीही हसलो, म्हटलं, नवरीबाई निघाल्या.

नणंदेलाही तालीम पाठ होती. तिने पाढा म्हटल्यासारखं सांगितलं: खाली वाकून चालायचं, लिफ्ट घ्यायची नाही, मागे दार लावायचं.

बाईंनी खोलीचं दार ओढून सोडलं. ते आपोआप उघडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. मग त्या बाहेरच्या कडीपाशी वाकल्या. कडी उघडी होती, काजळीने माखलेली. तिच्या दांड्याचं टोक मात्र लख्ख होतं.

"हे दार कोणी लावलं?"

"मी. शिकवलं होतं तसंच."

"लावलं म्हणजे नुसतं ओढलं?"

बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"ओढून हे राहत नाही. तुम्ही कडी घातली. धूर भरला तेव्हा टोक चौकटीच्या भोकात होतं, म्हणून ते काळं झालं नाही. कडी उघडली गेली ती आग विझल्यावर. त्यानंतर पोलिसांच्या आधी इथे कोण आलं होतं?"

"हीच," ड्रायव्हर म्हणाला. "वहिनीचे कपडे न्यायला."

नणंद भावाकडे वळली. "बिछाना रिकामा दिसला, दादा. वाटलं, वहिनी पुढे गेली."

"तुमच्या वहिनी खोलीतल्याच बाथरूममध्ये टॉवेल भिजवत होत्या," बाई म्हणाल्या. "दोघींनीही शिकवलेलंच केलं. ती चूक झाली. पण 'मला नाही यायचं' हे त्या कधी बोलल्याच नाहीत. ते तुम्ही रचलंत, कडीबद्दल कोणी विचारू नये म्हणून."

नणंदेने होकारार्थी मान हलवली. भावाला म्हणाली, तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने सांगू, हेच कळेना.

ड्रायव्हरने ते दार स्वतः एकदा ओढून पाहिलं.

"कडीचं मी एक वेळ विसरेन," तो बहिणीला म्हणाला. "पण माझ्या भांडणाने ती गेली, असं मला वाटू दिलंस. माझ्यासमोर बसून मला जेवायचा आग्रह करत होतीस."

तिने त्याच्या पायाकडे हात नेला. तो मागे सरला आणि बाईंकडे वळला.

"मॅडम, रिपोर्टात स्पष्ट लिहा. तिला बाहेर यायचं होतं."