रविवारची शेगडी

रविवार, संध्याकाळचे सात. सोलापूर, भवानी पेठेमागचं एक विद्यार्थी वसतिगृह, वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. साल एकोणीसशे शहात्तर, संक्रांतीनंतरचा आठवडा.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असे. पोरांनी त्या वेळी काय खायचं, हे नियमांत कुठं लिहिलेलं नव्हतं. खोलीत शिजवायचं नाही, एवढं मात्र ठळक लिहिलेलं होतं. म्हणून प्रत्येक खाटेखाली विजेची शेगडी दडवलेली असे. मातीच्या चकतीत उघडी तार, तिच्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं. वायरला पिन नसे. सोललेली टोकं प्लगच्या भोकांत घालायची आणि आगकाड्या ठोकून घट्ट करायची.

त्या संध्याकाळी सगळी पोरं गड्ड्याच्या जत्रेला गेली होती. अंगात कणकण म्हणून केम गावचा मानसिंग एकटाच मागे राहिला होता. समोरची खाट रिकामी होती. ती शिवयोगीची. दिवाळीआधीच्या एका रविवारी मानसिंग गावी गेला असताना शिवयोगी याच खोलीत शेगडीचा शॉक बसून मेला. 'विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा' असं लिहून वसतिगृहानं हात झटकले.

मानसिंगला ते दोन शब्द गिळवत नव्हते. शिवयोगी आणि निष्काळजी? पातेल्याकडे कुणाचा हात गेला की तो ओरडायचा, "काढलं काय रे?" वायर काढली, असं ऐकल्याशिवाय चमचासुद्धा बुडवू द्यायचा नाही. पोरं भित्रा म्हणून चिडवायची. "मी मेल्यावर हसा की," तो म्हणायचा.

शिवयोगीचे वडील मल्लप्पा अक्कलकोटाहून खेपा घालून थकले. "सर, त्या दिवशी लाईट गेलती म्हणं. अंधारात पोराला वाटलं करंट न्हाई, अन् त्यानं हात लावला, तेवढ्यात करंट परत आला. मेन तुमी बंद केलतं काय?"

"मी रविवारी मेनला हातही लावत नाही," हे रेक्टरचं ठरलेलं उत्तर. मेन स्विच त्यांच्याच खोलीत, कुलपाआड. किल्ली एकच, तीही त्यांच्याच खिशात.

मानसिंगची खिचडी आता कुठं रटरटू लागली होती. तेवढ्यात दिवा गेला.

मानसिंगनं खिडकीतून पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लख्ख होते. खाली रेक्टर आपल्या दाराला कुलूप घालत होते. किल्ली खिशात टाकून, सायकलवर टांग मारून ते गड्ड्याच्या दिशेनं निघून गेले.

"मेन पाडून गेला की!" मानसिंगचा संताप झाला. "खायला बी देत न्हाईत, शिजवून बी घेऊ देत न्हाईत!"

शेगडीची लाल तार काळवंडत गेली. खोलीत तापलेल्या मातीचा आणि अर्धकच्च्या डाळीचा वास कोंडला. करंट नाही, आता भीती कसली? कच्ची तर कच्ची, म्हणून त्यानं पातेल्याकडे हात नेला.

"काढलं काय रे?"

आवाज हलका होता. समोरच्या खाटेकडून आला होता.

मानसिंगचा हात हवेतच थांबला. "लाईट… लाईट गेलीया की…"

खाटेची नवार करकरली. कुणीतरी उठून बसावं तशी.

"काढलं काय…"

तो भिंत चाचपडत प्लगपाशी गेला. आगकाड्या उपसल्या, वायर ओढली. मग म्हणाला, "काढलं."

त्याच क्षणी डोक्यावरचा दिवा लागला.

खाटेवर कुणी नव्हतं. मानसिंग हातातल्या वायरीकडे बघत राहिला. ही भोकांतच असती, तर आता त्याचा हात पातेल्यावर असता. शिवयोगीचा होता, तसाच.

तो धडधडत खाली आला. रेक्टरच्या दारासमोरच्या पायरीवर रखवालदार सिदूमामा विडी ओढत बसले होते.

"मामा, मेन कुणी चढवलं?"

"कोन चढवील? कुलूप हाय की. सायब गेल्यापास्नं मी हितनं हललो न्हाई."

दोघांनी खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं. मेनचा दांडा वर होता.

रेक्टर परतले तेव्हा पोरंही जत्रेहून आली होती. सगळ्यांसमोर मानसिंग म्हणाला, "सर, मेन चालू हाय."

रेक्टरनी कुलूप काढलं, आत पाहिलं आणि ते भडकले. "कुणी केला हा चावटपणा? जाताना मी स्वतः खाली पाडून गेलो होतो! एखाद्या रविवारी बाहेर गेलो की मी…"



"एखाद्या रविवारी?" मानसिंगनं विचारलं. "म्हंजे त्या रविवारी बी?"

 

दुसऱ्या दिवशी मानसिंग पहिल्या एसटीनं अक्कलकोटला मल्लप्पांकडे गेला. पुढं चौकशी झाली आणि 'निष्काळजीपणा' कागदावरून खोडला गेला. मेन खाली कोण पाडत होतं, हे सगळ्यांना कळलं. पण त्या खोलीला दार एकच, कुलूप एकच आणि किल्लीही एकच. आणि दोन्ही रविवारी किल्ली रेक्टरच्या खिशात गावभर फिरत होती. मग खाली पाडलेला दांडा दोन्ही वेळा वर कुणी चढवला, हे आजवर कुणीही सांगितलेलं नाही.