जहाजाला दिलेली ओ

वात जरा सरकव गं... हां, एवढी पुरे. तुझा बाप मठात गेलाय, भजन आटोपल्याबिगर यायचा न्हाई. तवर सांगते. मधी मधी "मग, मग" करू नको बाई, माझा धागा तुटतो.

तुझा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ, चन्नबसप्पा. आमी त्याला अण्णाच म्हणायचो. तर त्या दिवशी मी अण्णाची भाकर घेऊन निघाले होते, एवढंच. निजामाचं राज्य होतं, तिकडं लढाई पेटलेली, आन इकडं आपल्या मानवत गावात वैशाखाचं ऊन. रस्त्यावर कुत्रं दिसंना. भाकर फडक्यात, ताक तांब्यात, आन पायाला चटके. मी वाटभर अण्णाला शिव्या घालीत होते, का ह्याला घरी येऊन गिळायला काय होतं म्हणून.

अण्णा बसायचा बन्सीधर शेठच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. हंगाम सरला की जिन बंद. शेठ लग्नासाठी मारवाडात गेलेला, कुलपं-किल्ल्या अण्णाजवळ. आन हापिसात शेठचा रेडिओ. मुंबईचा कापसाचा भाव ऐकायला शेठनं तो घेतला, आन तो नीट चालवणारा अख्ख्या मानवतात एकटा अण्णा. कारण अण्णा पळून मुंबईला गेला होता, तिथं बिनतारी शिकला, आन जहाजावर लागला. समुद्रात जहाज बुडायला लागलं की ठोक्या-ठोक्यानं हाक मारायची, दुसऱ्याची हाक आली की ऐकायची, हे त्याचं काम. लढाई पेटल्यावर एक दिवस तो अचानक परत आला. आव्वानं, तुझ्या आजीनं, इचारलं, का सोडलं रे? तर म्हणाला, "समुद्रापासून लय लांब राह्यचंय आता."

एक खोड मात्र त्यानं तिकडून आणली. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, तो हात वर करायचा आन गप व्हायचा. जहाजावरचा कायदाच तसा. तेवढा वेळ सगळ्या जहाजांनी आपली बडबड बंद ठिवायची आन नुसता कान द्यायचा, का एखादा बारीक आवाजात मदत मागायला असंल तर ऐकू यावं. त्याच्यापायी घरात आमीबी गप. आव्वा तर शिवी देता देता थांबायची, आन तीन मिनिटं झाली की उरलेली शिवी पुरी करायची.

तर मी हापिसात पाय ठेवला तवा अण्णाचा हात वरच होता. मी भाकर ठेवली, पदरानं वारा घेत उभी राह्यले. आन ऐकलं. टी-टी-टी, टाऽ-टाऽ-टाऽ, टी-टी-टी. लय बारीक, घागरीत तोंड घालून कुणी बोलावं तसं. थांबायचं, परत यायचं.

तीन मिनिटं झाली. अण्णानं हात खाली घेतला न्हाई.

"अण्णा, काय हाय ते?"

"जहाज हाय. बुडायलंय." त्याचे ओठ वाळलेले. "सिद्धे, ती बॅटरी बघ."

बॅटरी कोपऱ्यात होती. तारा सोडलेल्या. रेडिओ कशालाच जोडलेला न्हवता.

मी दाराकडं सरकले. पण अण्णाला बॅटरीचं भ्या न्हवतं. तो म्हणाला, "हा हात मी ओळखतो. ठोके देणाऱ्या दर माणसाचा हात येगळा असतो, आवाजासारखा. ह्या माणसाला मी समुद्रात ऐकलंय. रातभर बोलवत होता. आमचं जहाज जवळ होतं, पण कप्तानानं बजावलं, ओ द्यायची न्हाई, दुश्मनाला आपला ठावठिकाणा लागंल. मी हात मांडीखाली घालून बसलो. सकाळपर्यंत त्याचे ठोके बंद पडले... आता परत बोलवायलाय."

घरी येऊन मी आव्वाला सगळं सांगितलं. आव्वानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"चन्नबसप्पा, हे बघ. भर बाराच्या वक्ताला माणूस दिसल्याबिगर हाक आली, तर तिसऱ्या हाकेपतुर ओ द्यायची न्हाई. भुताखेतांना तिसरी हाक मारता येत न्हाई. तुला ल्हानपणी शिकवलंय मी हे."

"आव्वा, समुद्रावर उलटं असतं. पयल्या हाकेला ओ द्यावी लागती. न्हाई दिली तर माणसं मरतात."

"मेलेल्यांनाच ओ द्यायला निघालास की रं!"

अण्णा उठून ओसरीवर जाऊन पडला. मला लय वाईट वाटलं. ह्याच्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तो जिनाच्या इंजिनातली कॉइल काढून कायतरी जोडायला लागला. पितळेची पट्टी, तारा, ती बॅटरी, आन वर उंच छपरावर नेलेली एक तार. परवान्याबिगर असलं काय करणं म्हणजे थेट जेल. पोलीस अमीनाच्या कानावर गेलं असतं तर अण्णासंगट शेठबी आत. मी हात जोडले, पाया पडले. तो म्हणायचा, "एकदाच. एकदा ओ देतो आन मोडून टाकतो सगळं."

आन दिली त्यानं. मी दारातच होते. पट्टी दाबली की निळी ठिणगी उडायची, तडतड व्हायची, जळका वास सुटायचा. अण्णाचा हात मी तवा पयल्यांदा ऐकला. दर ओळीचा शेवटचा ठोका तो जरा लांबवायचा, आव्वाला हाक मारताना "आव्वाऽ" करायचा ना, तसाच. ठोके संपले आन त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"काय झालं?"

"मी... मी ठिकाण सांगितलं गं."

"कशाचं?"

"ओ देणाऱ्यानं आपण कुठं हाव ते अक्षांश-रेखांशाच्या आकड्यात सांगायचं असतं. म्हणजे बुडणाऱ्याला कळतं, मदत कुठून येणार. सवयीनं हात चालला. मी मानवतचे आकडे दिले, सिद्धे."

त्या संध्याकाळी तो तांब्यावर बोटानं तेच आकडे वाजवत बसला. तेच ते, तेच ते. ऐकून ऐकून मलाबी पाठ झाले. आजबी झोपेत वाजवून दाखवीन.

पुढल्या दुपारी हाक आली, पण आता तिच्यात आकडे होते. जहाज कुठं हाय त्याचे. अण्णानं माणिकराव मास्तरांकडून शाळेचा नकाशा आणला होता, त्यावर बोट ठेवलं. बोट मुंबईच्या किनाऱ्याला. त्याच्या दुसऱ्या दिवशी बोट घाटावर आलं. अण्णा नकाशाकडं बघत राह्यला, मी अण्णाकडं.

"घाटात पाणी कुठं हाय रं अण्णा?"

"न्हाई."

मग नगर. मग पैठण. दर दुपारी बोट उजवीकडं सरकायचं, आन थेट आपल्याच दिशेला. मला भाकर गिळंना. रात्री पाणी प्यायला उठले की वाटायचं, आता कुठपर्यंत आलं असंल? पाथरीला बोट टेकलं त्या दिवशी गावात एक वास सुटला. ओला, खारट, कुजका. आपल्या घरात मासळी कधी शिरलेली न्हाई, मला तो कशाचा ते कळंना. बाया नाकाला पदर लावून म्हणायच्या, कुणाचं तरी जनावर मेलंय. अण्णा म्हणाला, "समुद्र हाय तो."

अण्णानं त्या दिवशी आंघोळ केली, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केली, धुतलेलं धोतर नेसलं. आव्वा बघतच राह्यली.

"कुठं निघालास?"

"मी बोलावलंय त्यांना. मला हजर राह्यला पाहिजे. एकदा तोंड लपवलं, परत न्हाई लपवणार."

"ते तुला घेऊन जातील रं माझ्या राजा!"

"नेतील."

एवढंच बोलला बघ. आव्वानं त्याला आतल्या खोलीत ढकललं, कडी घातली आन दाराला पाठ लावून बसली. आतून तो लय गयावया करीत होता. "आव्वा, सोड... आव्वा, माणसं हायत ती..." आव्वा रडत होती, पण हलली न्हाई.

दुपारी आभाळ तांबडं झालं. वावटळ उठली, अशी का समोरचं दार दिसंना. आन त्या धुळीत भोंगा झाला. जिनाचा भोंगा मी जन्मभर ऐकलेला. हा तो न्हवता. जाड, लांब, पोटातून आलेला. भिंतीवरची भांडी खुळखुळली. आव्वा दचकून उठली, कडी काढून आत गेली, आन तिनं जी किंकाळी फोडली! खोली रिकामी. मागच्या गोठ्याच्या बाजूला दोन फळ्या उचकटलेल्या.

मी पळाले. जिनाच्या आवारात शिरले, हात पुढं केला तर हात दिसंना. नाकातोंडात माती. पण वाऱ्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, पाणी कशावर तरी आपटल्यागत... थप... थप... आन वर, लिंबाच्या शेंड्याच्याबी वर, लय मोठं काळं कायतरी हळूहळू डुलत होतं. मला दिसलं असं मी शपथेवर सांगणार न्हाई. धूळ होती.

"अण्णाऽ!" मी जीव खाऊन वरडले.

"ओ," जवळूनच आली.

पयल्याच हाकेला आली गं. मी चाचपडत गेले, हातात हात लागला, तो गच्च धरला आन ओढत ओढत घर गाठलं. वाटेत मागं वळून बघितलं न्हाई. एवढं मात्र ध्यानात हाय, वैशाखातल्या उन्हात तो हात गारठलेला होता, आन ओला.

घरात आणून बसवला. अण्णाच होता. डोक्यात धूळ, धोतर फाटलेलं, डोळे लाल. आव्वानं त्याला कवटाळलं, मीठ-मोहरी उतरून टाकली. गळ्यातलं इष्टलिंग मात्र न्हवतं. वावटळीत दोरा तुटून पडलं असंल म्हणून दुसऱ्याच दिवशी मठातल्या जंगमांना बोलावून नवीन बांधलं. वास गेला, रेडिओ गप झाला. अण्णा जेवायला लागला, हसायला लागला. तासातली तीन मिनिटं गप बसणंबी सुटलं. आव्वाची शिवी आता मधी तुटंना. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, आपण ओढून आणला, आपला भाऊ वाचला.

मग शेठ परतणार असं कळलं. त्याआधी ती कॉइल, त्या तारा सोडून ठेवायला पाहिजे होत्या. अण्णा हापिसाकडं पाऊल टाकंना, म्हणून आव्वानं मलाच धाडलं. भर दुपारचीच वेळ. मी हापीस उघडलं, तारेला हात घातला, आन रेडिओ बोलायला लागला.

टी-टी-टी, टाऽ-टाऽ-टाऽ...

मी तार सोडून मागं सरकले. पण पळाले न्हाई, कारण हात येगळा होता. पयल्यासारखा न्हवता. दर ओळीचा शेवटचा ठोका लांबवलेला होता.

मागून आकडे आले. तेवढेच आकडे मला येत होते. मानवतचे.

मी कितीक वेळ ऐकलं ते आठवत न्हाई. माझा अण्णा तिथं होता, इथंच होता, आमच्या डोक्यावर कुठंतरी, आन बोलवत होता. मला रडू फुटलं. मी त्या पितळेच्या पट्टीवर बोट ठेवलं. दाबायचंच बाकी होतं.

"सिद्धे."

दारात अण्णा उभा होता. उन्हाकडं पाठ, तोंड दिसंना. लय मायेनं बोलला.

"सिद्धे, बाई, ओ देऊ नको. चल घरी. आव्वा जेवायची थांबलीय."

पयल्या हाकेला ओ द्यावी लागती म्हणून आईशी भांडणारा माझा भाऊ... मी बोट काढलं. आमी दोघं घरी गेलो. आव्वानं ताट वाढलं होतं, तो पोटभर जेवला, आन आव्वा त्याच्याकडं बघून हसत होती. काय सांगणार होते मी तिला?

अगं, रडू नको. तुझा बाप वाईट न्हाई. आव्वाला त्यानं शेवटपर्यंत फुलावानी जपलं, तुझ्या आईला कधी उणा शब्द बोलला न्हाई, तुला तर खांद्यावरून खाली उतरवलं न्हाई. मीच त्याच्या ताटाला ताट लावून कधी जेवले न्हाई, एवढंच.

पण रेडिओ विकला तरी ते थांबलं न्हाई गं. कधी रांजणाच्या पोटात वाजतं, कधी पत्र्यात. हात तोच. मी ओ देत न्हाई. दिली तर माझा भाऊ घरी येईल. मग तुझ्या बापानं कुठं जायचं? आन तू कोण, कुणाची? म्हणून मुकाट बसते, कानावर उशी घेते.

परवापासून मात्र आकडे बदललेत. मानवतचे न्हाईत आता. मला दुसरे वाचता येत न्हाईत, जहाज निघालंय का आन कुठं सरकलंय, काय कळंना. शेवटी काल जीव मुठीत धरून तुझ्या बापालाच इचारलं, "अण्णा, हे काय वाजायलंय, जरा ऐकून सांगतोस का?"

"कुठं काय वाजायलंय?" तो म्हणाला. "मला तर काय ऐकू येत न्हाई."

आन एवढ्या उकाड्यात उठून गेला, आन तुझ्या खोलीची खिडकी, जिकडून ते वाजत होतं नेमकी तीच, त्यानं आतून लावून घेतली.