किंजळवाडीची राखण

भात पिकून पिवळं झालं होतं आणि किंजळवाडीत कुणीही राखणीला बसलेलं नव्हतं. शेतांच्या मेरेवरचे माळे ओस पडले होते. जनावरं पळवायला पिटायचे पत्र्याचे डबे पुन्हा न्हाणीघरात जाऊन बसले होते. पूर्वी याच दिवसांत गव्यांचा कळप एका रात्रीत एखाद्या घराचं वर्षाचं अन्न तुडवून जायचा, आणि डोंगरापलीकडून हत्ती उतरले म्हटलं की गावाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. आता सलग चौथ्या वर्षी कुठल्याही जनावरानं लोंबीला तोंड लावलं नव्हतं. माणसं इतकी निवांत झाली होती, की दुपारची झोप काढून भांडायला ताजीतवानी उठत.

ही करामत एका पेटीची होती, आणि पेटी बनवली होती गावच्याच मुलीनं. दर्शना गवस पुण्याच्या एका कंपनीत ध्वनिशास्त्रज्ञ होती. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. आपण विचार करू लागायच्या आधी तो घाबरून मोकळा होतो. मरणाऱ्या जनावराच्या किंकाळीत, तान्ह्या बाळाच्या आकांतात एक खरबरीतपणा असतो, तो थेट या भागाला जाऊन भिडतो. दर्शनानं संगणकाला जगभरच्या जंगलांतले आवाज दिले आणि कुठल्या आवाजाला कुठलं जनावर किती दचकतं याच्या नोंदी दिल्या. संगणकानं त्यातून सगळा गाळ काढून टाकला आणि निव्वळ भीती तेवढी ठेवली. तिनं तिला नाव दिलं भयध्वनी.

एका गोष्टीची तिला तेव्हा गंमत वाटली होती. नोंदींत सर्वांत वर वाघाची डरकाळी नव्हती. माणसाचं साधं बोलणं होतं, पाणी दे, भाकरी वाढ, असलं. जनावरं त्यालाच सर्वांत जास्त भीत होती. सुट्टीत घरी आल्यावर तिनं हे वडिलांना सांगितलं होतं आणि दोघंही हसले होते.

पेटीला कॅमेरा होता. जनावर दिसलं की ती वाजे, माणूस दिसला की गप्प बसे. दर वेळी आवाज थोडा बदलून येई, त्यामुळे तो अंगवळणी पडत नसे. ‘याची सवय होत नाही’ हे कंपनीच्या जाहिरातीतलं वाक्य दर्शनाचंच होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

चूक झाली ती पेटी ठेवताना. ती शेताच्या मेरेवर ठेवायची होती. गावानं ती देवराईच्या तोंडाशी, राखणदाराच्या पाषाणापाशी नेऊन ठेवली. गावाची राखण करणाऱ्या अदृश्य पुरुषाचा तो पाषाण. दरवर्षी कापणीआधी त्याला राखण द्यायची, म्हणजे नारळ-कोंबडा देऊन गाऱ्हाणं घालायचं, हा रिवाज. नवीन राखणदार आला तर तो जुन्याच्या शेजारीच बसणार, दुसरीकडे कुठे बसेल? गाऱ्हाणं घालायचा मान दर्शनाच्या वडिलांचा, आत्माराम गवसांचा. त्यांनीच पेटीवर नारळ फोडला. दर्शनाला जागा चुकल्याचं कळत होतं. पण पेटीचं तोंड शेताकडे होतं आणि नारळ फोडतानाचा फोटो फारच सुंदर आला होता. पुण्यात तो पाहून टाळ्या पडल्या, आणि मग सह्याद्रीभर गेलेल्या सगळ्या पेट्यांचं नावच राखणदार पडलं.

या चौथ्या वर्षी दिवाळीला ती घरी आली, तेव्हा वडिलांनी तिला पाण्याचा तांब्या देण्याआधीच विषय काढला.

“बाये, ती पेटी बंद कर. रायेत आता कोणच रवलेला नाय.”

म्हातारं माणूस काहीतरी बोलतंय, असं समजून ती त्यांच्याबरोबर गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. राईत पाय ठेवला आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली, कशाची ते कळेना. लहानपणी इथे बोललेलं ऐकू येत नसे, इतका किलबिलाट असायचा. वानरं हुप्प करायची, शेकरू खोडावरून उलटं उतरताना खडखड करायचं, धनेशाच्या पंखांचा फरफराट अंगावरून जायचा. आता पानाचा आवाजही मोठा वाटत होता. वडाखाली फळांचा खच पडून सडला होता आणि ती खायला कुणी आलेलं नव्हतं. फळ खाऊन बी दूर नेऊन टाकणारंच कुणी उरलं नाही, तर ही राई शेवटची. आत्ताची झाडं म्हातारी होऊन पडतील आणि त्यांच्या जागी काही उगवणार नाही. दर्शनानं हे मनातल्या मनात मांडलं.

“राखणदार कोणाक हाकलीत नाय गो,” वडील हळू आवाजात म्हणाले. “तो फकत राखता. गव्याक पण राखता.”

तिनं पेटी उघडली, बॅटरी काढली आणि पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी राखण द्यायची होती. राई हळूहळू भरेल, असं तिनं वडिलांना सांगितलं. तसा तिला विश्वासही होता.

राखणीला गाव जमला. कोंबडा शेजारच्या सुलभाकाकीच्या काखेत होता. आत्मारामांनी पाषाणावर पाणी घातलं, हात जोडले आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, ह्या रायेत जा काय रांगता, चरता, उडता, तेची राखण कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गाव एका सुरात म्हणाला.

आणि तो आवाज आला.

दर्शनानं तो प्रयोगशाळेत ऐकला होता, बारीक करून, कानाला झाकणं लावून. त्याचा आलेख तिला पाठ होता. ते काहीच उपयोगाला आलं नाही. छातीत हात घालून कुणी काळीज पिळावं तसं झालं. तिला वाटलं, आपलंच कुणीतरी जमिनीखाली रडतंय. कोंबडा सुटला, ताटं उलटली, माणसं माणसांवर पडली. तीही पळाली. भाताच्या खाचरात गुडघ्यावर पडून ओकारी आली तेव्हा तिला भान आलं, की वडील मागे राहिलेत आणि आपण त्यांचा हात सोडून पळालो आहोत.

ती परत निघाली. शेताच्या कडेला सुलभाकाकी बसली होती, तोंडाला पदर लावून. “माका माजो झील हाक मारता असा वाटला,” ती म्हणाली. तिचा मुलगा गोव्यात नोकरीला होता, सुखरूप होता.

आत्माराम पाषाणाला पाठ टेकून बसले होते. धोतर ओलं झालं होतं. पळायला पायच उठले नाहीत, एवढंच. दर्शना त्यांच्या कुशीत शिरली आणि लहान मुलीसारखी रडली. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी मान वर केली.

“पेटीतसून नाय येणा तो. वरसून येता.”

पेटीतून येणं शक्यच नव्हतं. बॅटरी घरी खुंटीला टांगलेल्या पिशवीत होती. दर्शनानं वर पाहिलं. किंजळाच्या फांदीवर भृंगराज बसला होता. काळाभोर, शेपटीला दोन लांब तारा, त्यांच्या टोकाला पिसांचे गोंडे. नकला करण्यात याचा हात धरणारा पक्षी नाही. ससाण्याचा आवाज काढून हा दुसऱ्या पक्ष्यांना उडवतो आणि त्यांनी टाकलेला किडा स्वतः खातो. एकाच आवाजाला फसेनात, म्हणून आवाज बदलतोही. दर्शनाच्या संगणकाला जे जमवायला महिने लागले, ते याला उपजतच येत होतं. चार वर्षं तो या पेटीजवळ बसून शिकत होता, आणि राखणीच्या दिवसाखेरीज राईत माणसं जमत नसल्यानं ते कुणाच्या कानावर आलं नव्हतं.

पक्षी खाली उतरला. पळापळीत उधळलेल्या पाचोळ्यातून उडालेले किडे त्यानं शांतपणे टिपले. त्याच्या मागच्या फांदीवर त्याचं या वर्षीचं पिल्लू होतं, शेपटीच्या तारा अजून न फुटलेलं. ते आवाजाचा एक तुकडा म्हणत होतं, अडखळत होतं, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होतं. तो अपुरा तुकडाही दर्शनाच्या अंगावर काटा आणायला पुरला. मग राईच्या पलीकडून, डोंगराच्या अंगानं, दुसऱ्या कुणीतरी पूर्ण आवाज काढून उत्तर दिलं.

तिनं पुण्याला फोन लावला. तिच्या वरिष्ठांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, की अशा तक्रारी आणखी दोन खोऱ्यांतून आल्या आहेत. जिथे जिथे पेट्या जंगलाला लागून ठेवल्या गेल्या, तिथून. उपाय सोपा होता. विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आत विषारी आमिष टाकायचं आणि भृंगराज संपवायचे. परवानगी मिळेल, फक्त दुसरा मार्ग नाही असं तिनं शास्त्रज्ञ म्हणून लिहून द्यायचं.

दर्शनानं फोन ठेवला. पेटी बंद करायला बटण होतं, पण आता आवाज पेटीत नव्हताच. तो अंड्यातून बाहेर येणार होता. विष घातलं तर भृंगराजाबरोबर किडे खाणारं आणखी काय काय मरेल याचा हिशोब नव्हता. नाही घातलं तर पुढच्या विणीनंतर आवाज कुठवर पोचेल याचाही नव्हता. तिला इतकी भीती त्या आवाजानंही वाटली नव्हती.

तिनं लिहून दिलं नाही. चैत्रापर्यंत मुदत मागितली. भृंगराजाला आवाज फळतो, कारण तो ऐकून सगळे पळतात. कुणी पळालंच नाही तर? आणि त्याच जागी, त्याच वेळी, रोज दुसरा एखादा आवाज त्याच्या कानावर पडला तर? ती नोकरीवरून रजा घेऊन घरी राहिली. दुपार झाली की ती, वडील आणि सुलभाकाकी पाषाणापाशी जाऊन बसू लागली. बाकीचा गाव लांबूनच हात जोडत होता, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

पहिल्याच दिवशी तिघंही पळाली. दुसऱ्या दिवशी सुलभाकाकीनं सुंभ आणला आणि तिघांचे हात एकमेकांना बांधले. पळायचं तर तिघांनी एकाच दिशेनं पळावं लागेल, आणि तिघांचं एकमत गावाच्या सभेत कधी झालं नव्हतं ते इथे काय होणार, असं ती म्हणाली. आवाज आला की हिसके बसत, मनगटं सोलून निघत. पण तिघं बसून राहत आणि कापऱ्या आवाजात गाऱ्हाणं म्हणत. भीती एका दिवसानंही कमी झाली नाही. जाहिरातीतलं ते वाक्य खरं होतं. त्याची सवय होत नव्हती. दर्शना रोज सकाळी उठे ती दुपारच्या धास्तीनंच. वडील वाळत चालले होते. तू नको येऊस म्हटलं की ते स्वतःच सुंभ उचलून चालू लागत.

माघात एक दिवस आवाज आला नाही. मग आठवड्यात दोनदा आला नाही. फाल्गुनात सुलभाकाकीनं वडाकडे बोट दाखवलं. उंच फांदीवर शेकरू बसलं होतं. तांबडं, झुबकेदार शेपटीचं, एकटंच. दर्शनाला त्या क्षणी देव दिसल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लाजही वाटली नाही.

चैत्र लागला. पुण्याहून निरोप आला, की आमिष घेऊन माणसं निघाली आहेत, उद्या पोचतील. दाखवायला काही असेल तर आजच दाखव. त्या दुपारी तिघं हात बांधून बसली. दर्शनानं ध्वनिमुद्रक चालू केला. शेकरू आलेलं होतं, वडाची पहिली फळं कुरतडत होतं. भृंगराज किंजळावर होता. शेजारी त्याचं पिल्लू, आता शेपटीला तारा फुटलेलं. थोड्याच दिवसांत ते स्वतः घरटं बांधणार होतं.

आत्मारामांनी गाऱ्हाणं संपवलं. राई गप्प होती. पिल्लानं मान हलवली, गळा फुगवला आणि आवाज काढला.

“...म्हाराजा.”

शब्द अर्धा होता, पण सूर ओळखीचा होता. दर्शनाचाच आवाज होता तो. त्यातली थरथरही तिचीच होती, घशात अडकलेलं रडूही तिचंच. सुलभाकाकीनं हात जोडायचा प्रयत्न केला आणि तिघांचेही हात वर गेले. दर्शना हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, उद्या येणाऱ्यांना आता परत पाठवता येईल.

वडील मात्र हसले नाहीत. ते वडाकडे बघत होते.

“बाये, तूच सांगलंलस मा, जनावरा माणसाच्या बोलण्याक सगळ्यात जास्त भियतत?”

दर्शनानं मान वळवली. पिल्लानं पुन्हा एकदा तोच सूर काढला. फांदीवर शेकरूचं कुरतडणं थांबलं होतं. फळ पंजातच राहिलं होतं, कान ताठ झाले होते, आणि शेपटी अंगाला चिकटली होती. ते अजून पळालं नव्हतं.

ध्वनिमुद्रक चालू होता. तिघांपैकी कुणीही हललं नाही, कुणी श्वासही घेतला नाही. त्या एवढ्याशा जिवाला पेटीचा आवाज आणि त्यांचं गाऱ्हाणं, या दोन्हींत काही फरक कळत असेल का?