यादीत नसलेले दोघं

पार्वती कोळणीनं टोपली दाराबाहेर उतरवली, पण आत येऊन ती बसली नाही.

"बाय, तुमी चोर शोधता ना? मंग माजं नाव पुसून द्या. मी कायपण केलं नाय."

मृणालिनी ताम्हाणे तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता बोरीवलीत खाजगी तपासाची कामं घेत. शेजारचे भाऊराव पोस्टातून निवृत्त झालेले. ते हौसेनं त्यांच्याबरोबर हिंडत.

पार्वतीची हकिगत थोडक्यात अशी. ती रोज गोराईहून होडीनं येऊन पंधरा वर्षं सहविकास सोसायटीत मासे विकत होती. बुधवारी तिनं क्षमा कर्णिकच्या घरी पापलेटं कापून दिली. गुरुवारी क्षमाचा कॉम्प्युटर सुरू होईना. कोळणीचे ओले हात लागून डिस्क बिघडली, असं ठरलं. दोन दिवस तिला फाटकावरच अडवत होते आणि उद्या रविवारी सभेत तिला कायमची बंदी होणार होती.

"चाळीस घरं हायत, बाय. ती गेली तर टोपली कुटं उतरवू?"

"उद्या दहा वाजता सोसायटीच्या फाटकाशी ये," मृणालिनीबाई म्हणाल्या.

मग दोघं क्षमाच्या घरी गेले. क्षमा मृणालिनीबाईंचीच जुनी विद्यार्थिनी. बालवाडीतल्या मुलांसाठी तिनं वर्षभर खपून एक प्रोग्राम केला होता. ठिपक्याठिपक्यांनी काढलेला 'अ' पडद्यावर उमटे आणि शेजारी अननस येई.

"मशीन सुरू करणारी माझ्याकडे ही एकच डिस्क आहे, बाई. दादानं करून दिलेली."

तिनं पातळ, काळी, चौकोनी डिस्क खाचेत सरकवली. खरखर झाली आणि पडद्यावर ओळ आली: ही सिस्टम डिस्क नाही.

"म्हणजे आत काय शिल्लक आहे, हेही पाहता येत नाही?"

"मशीन सुरू झाल्याशिवाय कसं पाहणार? दादा उद्या त्याची डिस्क घेऊन येणार आहे."

मृणालिनीबाईंनी डिस्क उजेडात धरली. क्षमाच्या अक्षरातलं लेबल सुरकुतलेलं होतं. भोवतीचं काळं वेष्टण मात्र कोरं करकरीत.

"हे बघा, लेबल ओलं झालं होतं," क्षमा म्हणाली.

"भाऊराव, वास घ्या. पापलेटाचा वास तुम्ही जिन्यावरून ओळखता."

भाऊरावांनी नाक लावलं. "मासा नाही. डिंक. पोस्टात जन्म गेला माझा, डिंक चुकायचा नाही."

"लेबल डिंकानं चिकटवलं होतंस?"

"नाही, मागे गोंद असलेलंच येतं ते."

टेबलावर एक वही होती. रोज काम संपलं की क्षमा डिस्कवर किती फायली आहेत आणि किती जागा रिकामी आहे, ते लिहून ठेवी. शेवटची नोंद मंगळवारची होती: फायली सात, रिकामी जागा १,१२,६४०.

"घरात कोण कोण येतं?"

"पार्वती येते. शेजारचा श्यामसुंदर फोन करायला येतो, आमची किल्लीही त्यांच्याकडेच असते. आणि रविवारी दादा. तो ट्रॉम्बेला मोठ्या कॉम्प्युटरवर काम करतो, माझ्या प्रोग्रामला पोरखेळ म्हणतो."

"मग त्यानंच रागानं..." भाऊराव कुजबुजले.

"दमानं, भाऊराव."

श्यामसुंदर दारातच भेटला. अंधेरीच्या एका क्लासमध्ये त्यानं सहा आठवड्यांचा कोर्स केला होता. आता तिथंच शिकवण्याची नोकरी मिळवायची त्याची धडपड चालली होती.

"एवढं काय झालंय, काकू? त्या मावशीचा हात ओला होता, मी बघितलाय. आणि क्षमाताईचं तसं काही गेलेलं नाही. सातही फायली आत धड आहेत. फक्त मशीन सुरू होत नाही, बस."

"तुला बरंच कळतं रे."

"मग? कोर्सला पहिला आलो होतो."

खाली उतरताना भाऊराव म्हणाले, "मुलगा हुशार आहे."

"फारच," मृणालिनीबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी क्षमाचा भाऊ नंदकुमार आला. त्यानं आपल्या डिस्कवरून मशीन सुरू केलं आणि क्षमाच्या डिस्कची यादी काढली. सात फायली, सगळ्या शाबूत. खाली आकडा होता: रिकामी जागा १,६५,८८८.

"वेडाबाई, सगळं आहे की," तो म्हणाला. "मशीन सुरू करणाऱ्या आणखी दोन फायली असतात. कुणी चुकून पुसू नयेत म्हणून त्या लपवलेल्या असतात, यादीत दिसत नाहीत. त्या दोन गेल्यात. ओलीनं खराब झाल्या असतील."

मृणालिनीबाईंनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. मग त्या वळल्या. "श्यामसुंदरला बोलवा. सभेला आलेल्यांनाही वर घ्या, पार्वतीसकट."

खोली भरली. "श्यामसुंदर, नंदकुमारच्या डिस्कची एक कॉपी करून दे बघू."

त्यानं ऐटीत एक ओळ टाइप केली. फायलींची नावं एकेक करत पडद्यावर उतरली. "झाली. सगळ्या आल्या."

मृणालिनीबाईंनी ती कॉपी खाचेत घालून मशीन पुन्हा सुरू करायला लावलं. खरखर झाली.

ही सिस्टम डिस्क नाही.

"आता नीट ऐका," मृणालिनीबाई वर्गात सांगत तशा सावकाश म्हणाल्या. "मंगळवारी डिस्कवर सात फायली होत्या, आजही सातच आहेत. पण रिकामी जागा त्रेपन्न हजारांनी वाढली. घरात तेवढीच माणसं दिसतात आणि दोन खाटा मोकळ्या झाल्यात. म्हणजे न दिसणारे दोघं कमी झालेत. पाण्यानं बरोबर तेच दोघं निवडले आणि त्यांची जागा पुसून स्वच्छ करून ठेवली, असं होतं का, नंदकुमार?"

"नाही," तो ओशाळून म्हणाला. "खराब झालेली जागा खराबच राहते."

"तेव्हा ही डिस्क बिघडलेली नाही. ती क्षमाची डिस्कच नाही. ही कॉपी आहे, साध्या पद्धतीनं केलेली. तशा कॉपीत लपलेल्या फायली येत नाहीत. नंदकुमारला हे माहीत आहे, तो असं करणार नाही. पार्वतीला कॉपीच करता येत नाही. ही चूक अर्धं शिकलेल्याची आहे."

श्यामसुंदर पडद्याकडेच पाहत राहिला.

"मूळ लेबल ओलं करून सोलून काढलं आणि डिंकानं कॉपीवर लावलं, म्हणून ते सुरकुतलं. आणि मशीन बंद असताना, कुणीही यादी पाहिलेली नसताना, सातही फायली धड आहेत हे एकालाच ठाऊक होतं. कॉपी करताना त्यानं त्या मोजल्या होत्या."

"मला फक्त कॉपी हवी होती, काकू," श्यामसुंदर हळूच म्हणाला. "क्लासच्या सरांना स्वतः केलेला प्रोग्राम दाखवायचा होता. बुधवारी सकाळी किल्लीनं घर उघडून कॉपी केली. क्लासमध्ये टाकली तर सुरूच होईना. मग संध्याकाळी फोनला आलो तेव्हा मूळ डिस्क नेली आणि कॉपी ठेवली. वाटलं, ताईचं काही जात नाही."

"आणि पार्वतीचं?"

श्यामसुंदरनं घरी जाऊन मूळ डिस्क आणून दिली. क्षमानं ती घातली आणि पडद्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'अ' उमटला.

सेक्रेटरी खाकरले. "सभेत आता विषय उरला नाही म्हणायचा."

"एक उरलाय," मृणालिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी तिला फाटकावर अडवलंत."

पार्वतीनं पदर खोचला.

"आता दारोदार फिरू का खाली फाटकाशीच बसू, तेवडं सांगा. बरफ वितळतोय."

क्षमा आत गेली आणि ताट घेऊन आली. समोरच्या दारातूनही एक ताट आलं. मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी हाक मारली, "पार्वती, कोलंबी आहे का गं?"

"हाय. पन दोन दिवस रागावलेय मी," पार्वती दाराबाहेरची टोपली उचलत म्हणाली. "आज घासाघीस नाय."